धर, पकड, आवळ : ‘होल्ड’चे अर्थ कोल्हापुरात शोधताना

माझी भाची बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करते. सकाळी रंकाळ्यावर एक फेरी आणि मग फोनवर पन्नास इंग्रजी शब्द, असा तिचा नेम. परवा सोप्यात बसल्या बसल्या ती एकदम वैतागली.

"ओ मामा, हे बघा. होल्ड, ग्रिप, ग्रास्प, क्लच, क्लास्प, ग्रॅब, सीझ, कॅच. आठ शब्द. आणि आठांच्या पुढं अर्थ एकच, ‘पकडणे’. मग आठ शब्द केले कशाला ह्यांनी?"

मी फोन घेऊन बघितलं. खरंच आठ ओळी होत्या आणि आठ वेळा ‘पकडणे’. खाली सरावाचा प्रश्न होता : गर्दीत घाबरलेल्या म्हातारीनं आपली पिशवी काय केली? पर्यायांत त्या आठांतलेच चार शब्द. यादी पाठ केलेल्या मुलीला चारही बरोबर वाटणार, आणि गुण मिळणार एकालाच.

मला लगेच उत्तर देता आलं नाही. आठवली ती तालीम. लहानपणी मी दोन वर्षं तालमीत जायचो. तिसऱ्या वर्षी घरच्यांनी गणिताच्या शिकवणीला घातलं आणि कुस्ती सुटली. पण पहिल्या आठवड्यातली एक गोष्ट विसरलेलो नाही. वस्तादांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "सोडव." मी ओढलं, झटकलं, काही उपयोग झाला नाही. मग ते म्हणाले, "आता तू धर." मी होती नव्हती ती ताकद लावून धरलं. त्यांनी माझ्या अंगठ्याच्या बाजूनं मनगट फिरवलं आणि हात अलगद सोडवून घेतला. "धरलंस रं, पण पकड नव्हती," ते म्हणाले.

म्हणजे ‘धरणं’ वेगळं आणि ‘पकड’ वेगळी, हे मला दहाव्या वर्षी मनगटातून कळलं होतं. मग भाचीच्या फोनमध्ये सगळं एकच कसं झालं? हा प्रश्न एका परीक्षेपुरता नाही. त्याला जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

कोशकारांपुढचा तोच पेच

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाच पेच उलट्या बाजूनं पडला होता. कंपनी सरकारच्या साहेबांना मराठी शिकायची होती. मराठी माणूस हातानं जे जे करतो त्याला किती शब्द आहेत, हे त्यांना समजत नव्हतं.

आधी शास्त्रीमंडळींनी काम केलं. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, परशुरामपंत गोडबोले आणि त्यांचे सहकारी यांनी तयार केलेला ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ १८२९ मध्ये छापला गेला. तो मराठीतून मराठीत होता. त्यानंतर १८३१ मध्ये जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश आला. जॉर्ज आणि टॉमस कँडी हे भाऊ त्यांच्या मदतीला होते, आणि पंडितांचा ताफा होताच. १८५७ मध्ये मोल्सवर्थनी त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती काढली, तिच्यात सुमारे साठ हजार शब्द आहेत. दरम्यान १८४७ मध्ये टॉमस कँडी यांनी उलट्या दिशेचा, म्हणजे इंग्रजी-मराठी कोश पुरा केला. मोल्सवर्थनी आखून सुरू केलेलं ते काम कँडींनी तडीस नेलं.

या कोशांची एक सवय लक्षात घेण्याजोगी आहे. मोल्सवर्थनी फक्त पोथीतले शब्द घेतले नाहीत. शेतातले, चुलीपुढचे, कारागिरांच्या तोंडचे शब्दही घेतले, आणि प्रत्येकाचा अर्थ एका शब्दात न उरकता वर्णन करून दिला. बोटं कशी वाकलेली, तळवा किती खोल, हे सांगितल्याशिवाय ‘बचक’ किंवा ‘पसा’ साहेबाला कळणार कसा? कँडींनी तेच दुसऱ्या अंगानं केलं. एका इंग्रजी शब्दासमोर ते मराठी पर्यायांची रांग लावतात, कारण एका शब्दाला एकच जोडीदार नसतो हे त्यांनी जाणलं होतं.

दुसरीकडे मराठी मुलं इंग्रजी शिकू लागली होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचं बालपण कोल्हापुरातच गेलं. वडील संस्थानच्या नोकरीत होते. १८५६ मध्ये मुंबईला जाण्यापूर्वी रानड्यांनी इंग्रजीची सुरुवात इथल्या शाळेत केली. पुढच्या पिढीतले गोपाळ कृष्ण गोखले कागल आणि कोल्हापुरात शिकले, १८८१ मध्ये मॅट्रिक झाले आणि मग राजाराम कॉलेजात गेले. गोखल्यांचं इंग्रजी पाठांतर प्रसिद्ध आहे. त्यांनी सुटे शब्द पाठ केले नाहीत, उतारेच्या उतारे मुखोद्गत केले. त्यामुळे शब्द आला तो आजूबाजूची माणसं, प्रसंग, भाव घेऊन आला.

पण ही चैन सगळ्यांना परवडणारी नव्हती. शाळा वाढल्या, परीक्षा वाढल्या, मोठे कोश लहान होत गेले. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर अनेक पिढ्यांचं इंग्रजी उभं राहिलं. तिच्यात निदान पूर्ण वाक्यं तरी होती. पुढं गाइड आली, शब्दार्थांच्या वह्या आल्या, आणि आता फोनवरची ॲप. प्रत्येक टप्प्यावर रांगेतले पर्याय गळत गेले. शेवटी डावीकडे एक शब्द आणि उजवीकडे एक शब्द, एवढंच उरलं. ‘पकडणे’ हा त्या गळतीनंतर तळाशी राहिलेला शब्द आहे.

आठ शब्द, आठ हात

आता ते आठ शब्द एकेक करून बघू. प्रत्येकाचं मूळ पाहिलं की फरक पाठ करावा लागत नाही.

‘होल्ड’ सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत शांत. जुन्या जर्मानिक भाषांमध्ये त्याच्या पूर्वजाचा अर्थ गुरं राखणं असा होता. म्हणजे या शब्दात जोर नाही, राखण आहे. मूल कडेवर असतं, छत्री हातात असते, वर्गात दार उघडं धरून कुणी उभं असतं, हे सगळं होल्ड. हात किती आवळला हे त्यात महत्त्वाचं नाही. सोडलं नाही, एवढंच महत्त्वाचं. म्हणून फोनवर कुणी ‘होल्ड’ म्हणालं की अर्थ ‘थांबा’ होतो. आपणही ‘जरा दम धर’ म्हणतो तेव्हा कुणाचा दम हातात घेत नाही, थांबायलाच सांगतो.

‘ग्रिप’मध्ये जोर आला. वस्तू निसटू नये म्हणून बोटं तिच्याभोवती बसतात. पावसात गगनबावड्याच्या घाटात मोटारसायकलचं हँडल आपण होल्ड करत नाही, ग्रिप करतो. टायरलाही ग्रिप असते आणि बॅटच्या मुठीलाही. माझ्या वस्तादांची ‘पकड’ ती हीच.

‘ग्रास्प’ हा हात पुढे करून धरणं, आवाक्यात आणणं. म्हणून इंग्रजीत मुद्दा समजला की तो ग्रास्प झाला. याला मराठीत इतका नेमका शब्द आहे की आश्चर्य वाटावं : आकळणे. कवेत आणणं आणि समजणं, दोन्ही अर्थ त्यात आहेत. ‘आकलन’ आणि ‘ग्रहण’ हे परीक्षेतले गंभीर शब्दही मुळात धरण्याचेच आहेत. डोक्याला हात नसतात, पण समजण्याचे शब्द जगभर हातापासूनच तयार झालेले दिसतात.

‘क्लच’ म्हणजे मुळात बोटं वाकवून आवळणं. पण वापरात त्यात भीती किंवा कासाविशी आली. बुडणारा माणूस काडी क्लच करतो. गर्दीतली म्हातारी पिशवी क्लच करते. गाडीचा क्लच हा त्याचाच यंत्रातला भाऊ. तो इंजिनाची गती पुढच्या भागाशी जोडतो आणि पाय दाबला की सोडतो.

‘क्लास्प’ आधी दागिन्याचा किंवा पट्ट्याचा आकडा होता, मग हातांचा झाला. कोल्हापुरी साजाच्या मागचा फासा डोळ्यांपुढे आणा. एक टोक दुसऱ्यात अडकतं आणि बंद होतं. तशी दोन हातांची बोटं एकमेकांत गुंफली, किंवा आजीनं नातवाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, की ते क्लास्प. यात बळ असतं, पण आपुलकीचं.

‘ग्रॅब’ घाईचा. वाडग्यातला शेवटचा वडा, फोनचा चार्जर, समोरच्याची कॉलर. मराठीत इथे झडप घालणे, ओढून घेणे, हिसकावणे असे शब्द येतील. काही भाषाशास्त्रज्ञ या शब्दाचं नातं वेदातल्या ‘गृभ्’ या धातूशी, म्हणजे आपल्या ‘ग्रहण’च्या घराण्याशी लावतात. ते खरं असेल तर ‘ग्रॅब’ आणि ‘पाणिग्रहण’ हे लांबचे नातेवाईक ठरतात.

‘सीझ’ जमिनीच्या कज्ज्यातून आला. फ्रेंचमधून इंग्लंडच्या कायद्यात गेलेला हा शब्द जमिनीच्या ताब्याविषयीचा होता. तिथे जमीन हस्तांतर करताना मातीचं ढेकूळ किंवा डहाळी प्रत्यक्ष दुसऱ्याच्या हातात देण्याची रीत होती. म्हणून पोलीस गाडी सीझ करतात, ग्रॅब करत नाहीत. एकात अधिकार आहे, दुसऱ्यात नाही. आपले जवळचे शब्द म्हणजे जप्त करणे, बळकावणे, कब्जा घेणे. यातला ‘कब्जा’ अरबीतून फार्सीच्या वाटेनं मराठीत आला, आणि त्याच्या मुळाशीही मुठीत धरणंच आहे. ‘फार्शी-मराठी कोश’ करणारे माधव जुलियन कोल्हापुरात राजाराम कॉलेजात फार्सी शिकवत असत, ते उगाच आठवलं.

आणि ‘कॅच’ शिकारी. ‘चेस’, म्हणजे पाठलाग, हा त्याचाच सख्खा भाऊ. जे हलतंय, पळतंय, ते कॅच होतं. म्हणून चोर कॅच, मासा कॅच, चेंडू कॅच, बससुद्धा कॅच. मराठी इथे जास्त बारकाईनं बघते. चेंडू आपण झेलतो, चोर पकडतो, बस गाठतो, आणि सर्दी तर उलट आपल्यालाच धरते.

आठही शब्द असे शेजारी मांडले की एक गोष्ट स्पष्ट होते. हाताची क्रिया बहुतेक ठिकाणी सारखीच आहे. बदलतो तो हातामागचा माणूस. तो राखतोय, घाबरलाय, घाईत आहे, की हक्क सांगतोय? इंग्रजी क्रियापदं त्या माणसाच्या मनाकडे बघून निवडली जातात.

मूठ, चिमूट आणि गंगावेस

मराठीत असे शब्द नाहीत असं मात्र समजू नका. कवटाळणे, बिलगणे, आवळणे, जखडणे, झडपणे, हिसकावणे, बळकावणे, झेलणे, पेलणे, सावरणे, तोलणे हे सगळे हातामागचं मन सांगणारेच शब्द आहेत. मूल आईला ‘पकडत’ नाही, बिलगतं. डोक्यावरची घागर आपण ‘पकडत’ नाही, सावरतो.

त्याशिवाय मराठीनं आणखी एक काम फार हौसेनं केलंय. तिनं हाताच्या आकारांना नावं दिली. चिमूट, चिमटी, मूठ, बचक, पसा, ओंजळ, कव. चिमूटभर हळद, मूठभर शेंगा, बचकभर भुस्सा, ओंजळभर फुलं, कवेत मावेल एवढा कडबा. यातला प्रत्येक शब्द एकाच वेळी धरण्याची रीतही आहे आणि मापही. इंग्रजीतही चिमटीला आणि मुठीला मापाचे शब्द आहेत, पण आपल्या स्वयंपाकघरात आणि खळ्यावर हाच हिशेब रोजचा होता.

१९५६ मध्ये जॉन नेपियर या ब्रिटिश शास्त्रज्ञानं माणसाच्या हातावर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं, की हातानं धरण्याच्या असंख्य तऱ्हा दिसल्या तरी मुळात त्या दोनच आहेत. एक ‘पॉवर ग्रिप’, म्हणजे वाकलेली बोटं आणि तळवा यांच्यामध्ये वस्तू, आणि समोरून अंगठ्याचा दाब. दुसरी ‘प्रिसिजन ग्रिप’, म्हणजे बोटांची टोकं आणि अंगठा यांच्यामध्ये वस्तू. शस्त्रक्रिया करणाऱ्यांना, अवजारं घडवणाऱ्यांना, माणूस आणि माकड यांच्या हातांचा अभ्यास करणाऱ्यांना ही विभागणी फार उपयोगी पडली. आपल्या आज्ज्या तेच दोन शब्दांत सांगायच्या : मूठ आणि चिमूट.

नेपियरचा पुढचा मुद्दा आणखी महत्त्वाचा आहे. कुठली पकड वापरायची हे वस्तूच्या आकारावर ठरत नाही, आपल्याला काय करायचंय त्यावर ठरतं. बरणीचं घट्ट बसलेलं झाकण उघडून बघा. सुरुवातीला ते पंजात घेऊन जोर लावता. सैल झालं की तेच झाकण बोटांच्या टोकांवर फिरवता. झाकण तेच, हात तोच, हेतू बदलला की पकड बदलली.

याचा धडा बघायचा असेल तर गंगावेशीत जा. तिथल्या दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात आणि समोर धार काढून ताजं दूध पेल्यात देतात. धार काढायच्या तीन रीती पशुपालनाच्या पुस्तकांत सांगतात. पूर्ण मुठीची, अंगठा दुमडून दाबण्याची आणि चिमटीची. जनावराला सगळ्यांत सोसणारी रीत मुठीची, कारण ती वासराच्या चोखण्याच्या जवळची. अंगठा दुमडून काढलेल्या धारेनं सडाला इजा होऊ शकते. चिमटी शेवटचं दूध निपटायला किंवा सड आखूड असतील तेव्हा. म्हणजे कुठल्या पकडीनं धरायचं हा शब्दांचा खेळ नाही. चुकीची पकड जनावराला दुखवते.

‘धरणे’ची वाढलेली गोतावळ

‘पकडणे’ला मी परका म्हणून हाकलून द्यायला निघालेलो नाही. चोरासाठी, माशासाठी, चुकीसाठी तोच शब्द हवा. तक्रार एवढीच आहे, की तो ‘धरणे’च्या जागेवर येऊन बसला आहे. ‘फोन पकड’, ‘पिशवी पकड’, ‘बाळाला पकड’ ही वाक्यं आता आपल्याला खटकत नाहीत. हिंदी चित्रपट, रील्स, हॉस्टेल, सगळ्यांचा तो परिणाम आहे.

‘धरणे’ गेला तर काय जाईल, याची नुसती यादी करा. हट्ट धरणे, राग धरणे, आशा धरणे, धीर धरणे, मौन धरणे, ताल धरणे, नेम धरणे, तग धरणे. बाळ बाळसं धरतं. रोप मूळ धरतं. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात. एखाद्याला वेठीस धरतात, एखाद्याची बाजू उचलून धरतात. यात ‘पकडणे’ घालून बघा, एकही वाक्य उभं राहणार नाही. रोपानं मूळ पकडलं म्हटलं तर ते कुणाचं तरी मूळ असावं असं वाटेल.

कोल्हापूरकरांना तर या धातूनं पाणी पाजलंय. ‘धरण’ म्हणजे पाणी धरून ठेवतं ते. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावती नदीवर राधानगरीचं धरण बांधायला घेतलं, पैशाअभावी मध्ये काम थांबलं, आणि स्वातंत्र्यानंतर ते पुरं झालं. अर्ध्यावर थांबलेल्या कामानंही किती वर्षं तग धरला, बघा. एक ‘धरणं’ तर इंग्रजांनीही आपल्याकडून नेलं. कर्ज बुडवणाऱ्याच्या दारात सावकार किंवा न्याय मागणारा माणूस उपाशी ठाण मांडून बसायचा, त्याला धरणं धरणं म्हणत. साहेबांना त्यासाठी आपल्या भाषेत शब्द सापडेना. त्यांच्याकडे होल्ड होता, ग्रिप होती, सीझ होता. पण काहीही हातात न धरता समोरच्याला धरून ठेवणारा शब्द नव्हता. म्हणून ‘धरना’ हा शब्द तसाच त्यांच्या कोशांत गेला.

तालमीतून हेलसिंकीला

तालमीत हे सगळं अंगावर शिकतात. ‘होल्ड’ हा शब्द इंग्रजी कुस्तीत नाम म्हणून येतो. प्रतिस्पर्ध्याला धरण्याची एक ठरलेली तऱ्हा म्हणजे एक होल्ड. आपण त्याला डाव म्हणतो किंवा पकड म्हणतो. सुरुवातीची खडाखडी, मग पट काढणं, खाली घेणं, कब्जा घेणं, हप्ते भरणं, कस्सा लावणं, मोळी बांधणं. बघा, इथेही धरण्याच्या प्रत्येक तऱ्हेला स्वतंत्र नाव आहे. मोळी म्हटलं की हात कुठे आणि पाय कुठे हे पोराला डोळे मिटून दिसतं.

इंग्लंडातल्या कुस्त्यांचीही अशीच घराणी होती. उत्तरेकडच्या कंबरलँड-वेस्टमोरलँड प्रकारात दोघं मल्ल आधीच एकमेकांना मिठी मारून, पाठीमागे हात गुंफून उभे राहतात. ज्याची ती गुंफण आधी सुटली तो हरला. म्हणजे तिथे सगळा खेळ ‘क्लास्प’चा. लँकशायरमध्ये दुसरा प्रकार वाढला, त्याचं नावच ‘कॅच ॲज कॅच कॅन’, जिथे सापडेल तिथे धर. आजची ऑलिम्पिकची फ्रीस्टाइल याच प्रकारातून पुढे आली. ग्रीको-रोमन प्रकारात कमरेखाली धरायला बंदी. कुठल्याच पकडीला बंदी नाही, म्हणजे ‘नो होल्ड्स बार्ड’, हा वाक्प्रचारही कुस्तीच्या हौद्यातूनच निघाला.

१९०२ मध्ये शाहू महाराज युरोपात गेले, रोमचं भव्य क्रीडागृह त्यांनी पाहिलं, आणि १९१२ मध्ये कोल्हापुरात खासबागचं मैदान उभं राहिलं. त्या परंपरेत वाढलेला एक मुलगा कराडजवळच्या गोळेश्वर गावचा होता. राजाराम कॉलेजात शिकत असताना खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडन ऑलिम्पिकला गेले. खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला.

लंडनमध्ये माती नव्हती, गादी होती. हा फरक पायांपुरता नव्हता, हातांचा होता. हौद्यात घामानं अंग निसरडं झालं की मल्ल मूठभर माती समोरच्याच्या अंगाला लावतो, पकड बसते. गादीवर ती सोय नाही. मातीत लांगेला हात घालता येतो, फ्रीस्टाइलमध्ये कपड्याला धरायला मनाई. मातीत पाठ लागेपर्यंत कुस्ती, गादीवर घड्याळ आणि पंचांचे गुण. खाशाबांची ढाक नावाजलेली होती : समोरच्याची मान कवेत आवळायची आणि झोक्यासरशी त्याला पाठीवर आणायचं. लंडनमध्ये रीस गार्डनर या प्रशिक्षकानं त्यांना नव्या नियमांची तयारी करून दिली. डाव तोच राहिला, तो कुठे आणि केव्हा चालतो याचं गणित नवं शिकावं लागलं. पहिल्याच ऑलिम्पिकमध्ये ते फ्लायवेट गटात सहावे आले.

१९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट कोल्हापुरात आजही अभिमानानं सांगतात. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

पण त्या दिवसाची दुसरी बाजूही सांगितली जाते. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी दीर्घ कुस्ती होऊन खाशाबा हरले, आणि लगेच त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद मामादबेयोव्ह यांच्याशी खेळायला बोलावलं गेलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम होता. पण तो नियम बोट ठेवून दाखवणारा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी तिथे नव्हता. थकलेले खाशाबा गादीवर उतरले आणि हरले.

खाशाबा कॉलेजात शिकलेले होते, त्यांना भाषा येत नव्हती म्हणून हे झालं असं मी म्हणणार नाही. पण पकड हातात असणं आणि हक्क धरून ठेवणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तिथे दिसलं. पहिलीसाठी तालीम लागते. दुसरीसाठी नियमाचं पुस्तक, ते वाचणारा माणूस आणि वेळेवर बोललेला नेमका शब्द लागतो. आपल्याकडे पहिलं होतं, दुसरं त्या दिवशी नव्हतं.

म्हणून भाचीच्या आठ शब्दांना मी किरकोळ म्हणत नाही. तिला उद्या बँकेत बसून कर्जाचे कागद वाचायचे आहेत. जमीन ‘होल्ड’ करणं आणि जमीन ‘सीझ’ करणं यातला फरक एखाद्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्याचा असू शकतो.

तीन प्रश्न

त्या संध्याकाळी आम्ही यादी पुन्हा केली. ‘पकडणे’ खोडलं आणि प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न विचारले. हात किती आवळलाय? मनात काय आहे, माया, भीती, घाई की हक्क? आणि किती वेळ धरायचंय, क्षणभर की कायम? अडलं तिथे मोल्सवर्थ उघडला. तो शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीत फुकट आहे, फोनवर छान चालतो. इंग्रजी शब्दाचा अर्थ शोधताना तिला मराठीच जास्त सापडत गेली. ‘आकळणे’ हा शब्द तिनं पहिल्यांदाच वाचला आणि वहीत दोनदा लिहिला.

शेवटी ती सरावाच्या प्रश्नाकडे परत आली. गर्दीत घाबरलेल्या म्हातारीनं पिशवी काय केली?

"क्लच," ती म्हणाली. "घाबरलीय ना ती."

"आणि मराठीत?"

तिनं जरा विचार केला. "पोटाशी धरली."

मग फोनची बॅटरी संपत आली म्हणून चार्जिंगला लावायला तो माझ्यापुढं करत म्हणाली, "हं मामा, धरा."

मी धरला. यादीतल्या आठांपैकी एकही शब्द तिथे बसत नव्हता. कोल्हापुरात कुणी ‘धर’ म्हणालं की त्याचा अर्थ असतो, घे, आता हे तुझ्याकडे.